निवासी विभागातल्या ताई-दादांना

सप्रेम नमस्कार.

निवासी शाळा बघायला येणारे पालक वर्ग किती, थेरपी कोणत्या, शिक्षक किती शिकलेले, हे सगळं विचारतात. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी भरेपर्यंत मुलं काय करतात, हे फारसं कुणी विचारत नाही. ऑटिझम असलेली किशोरवयीन मुलं स्वतःचं स्वतः करायला शिकतात ती बरीचशी याच वेळात, आणि शिकवता तुम्ही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

उशीला अभ्रा घालायचंच घ्या. तुम्ही त्याच्या सहा पायऱ्या पाडल्यात: शिवण बघून सुलट बाजू ओळखायची, अभ्र्याचं तोंड उघडायचं, उशी आत सरकवायची, तिचे दोन कोपरे तळाच्या कोपऱ्यांत बसवायचे, झटकायचं, उघडी कड आत दुमडायची. आणि शिकवायला सुरुवात केलीत शेवटून. पहिल्या पाच पायऱ्या तुमच्या, कड दुमडायची तेवढी मुलाने. त्यामुळे ‘झालं!’ म्हणायचा मान पहिल्या दिवसापासून त्याचा. ती जमली की झटकणंही त्याच्याकडे, मग कोपरे. पहिल्या पायरीपासून शिकवत गेलं तर बहुतेक मुलं कोपऱ्यांपाशी अडतात, चिडतात, आणि पुढच्या वेळी उशी दिसली तरी उठून जातात.

त्याहून जास्त आभार गप्प राहिल्याबद्दल. तोंडी सूचना देणं सोपं, पण काढून घेणं महाकठीण. ‘आता पुढे काय?’ असं रोज विचारलं की तो प्रश्नच सातवी पायरी होऊन बसतो. कुणी विचारेपर्यंत मूल हातात अभ्रा धरून उभं. तुम्ही मागे उभे राहता, मनात दहा मोजता, मग पायऱ्यांचे फोटो क्रमाने लावलेल्या फोटोपट्टीकडे बोट दाखवता. अगदीच अडलं तर, आणि त्याला चालत असेल तरच, हाताच्या कोपराला हलका स्पर्श. वहीत प्रत्येक पायरीपुढे ‘स्वतः’, ‘खूण’ किंवा ‘स्पर्श’ एवढीच नोंद. ती वाचून पाळी बदलल्यावर आलेली व्यक्ती नको तिथे मदत करत नाही. एकानेही लाडाने कड दुमडून दिली की आठवडाभराची मेहनत पाण्यात!

एखादं मूल अचानक डोकं आपटू लागलं तर ‘वर्तन बिघडलं’ असं लिहून मोकळं होता येतं. तुम्ही आधी दात, कान आणि बद्धकोष्ठ बघता, कारण दुखतंय हे अनेकांना सांगता येत नाही. मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, सुरू झाला की चौघांनी चार बाजूंनी समजावणं हा सगळीकडचा रोग. तुमच्याकडे एकच जण जवळ थांबतो, बाकीचे इतर मुलांना बाहेर नेतात, दिवा मंद होतो, प्रश्न बंद. शांत झाल्यावरही लगेच चौकशी नाही. या वयात फिट्स नव्याने सुरू होऊ शकतात, हेही तुमच्या लक्षात असतं: टक लावून बघणं, हाक न ऐकणं याची वेळ लिहिली जाते, आणि झटके पाच मिनिटांवर गेले तर सरळ रुग्णवाहिका.

मुलींना पाळी येण्याआधीच पॅड लावण्या-बदलण्याचा सराव, मुलांना खासगी अवयवांना हात लावण्याबाबत ‘हे फक्त दार लावून’ हा नियम, आणि मोठ्यांनीही दार वाजवूनच आत जायचं. हे विषय घरात निघतात ते बहुधा उशिरा.

एक मात्र आमच्याकडून राहायला नको. तुमच्या न्हाणीघरात जमलेली अंघोळ घरी जमेलच असं नाही. नळ वेगळा, बादली वेगळी, साबणाचा वास वेगळा, म्हणजे त्यांच्या लेखी कामच वेगळं. सुट्टीला पाठवताना तुम्ही बॅगेत फोटोपट्टीची प्रत ठेवता. या सुट्टीत तिच्यावर आमच्या घरच्या नळांचे फोटो चिकटवतो, आणि वहीतल्या त्याच तीन नोंदी रोज लिहून परत पाठवतो.

आपले,
काही पालक