रस्त्याचे पैसे आधी कोणी घेतले, ते विचारा

महोदय,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत 1988 साली रस्ता आला, तो लोकांनी जमिनी सोडल्या म्हणून. माझ्या वडिलांनी संमतीपत्रावर सही केली, चिऱ्याचा गडगा सहा फूट आत घेतला आणि दोन फणस नि एक रतांबा तोडू दिला. मोबदला कोणीच मागितला नाही. तोवर आजारी माणसाला डोलीत घालून पाखाडीवरून उतरवावं लागायचं, म्हणून रस्ता हवा होता एवढंच. हे आज सांगायचं कारण, गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीची नोटीस घरी आली. 'रस्ता सुधारणा आकारणी', दर घराला आणि दर प्लॉटला सरसकट 6,000 रुपये.

वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चार वर्षांपूर्वी बिनशेती ले-आउट पडला, 46 प्लॉटचा. तिथला चिरा, वाळू, खडी सगळं भरलेल्या डंपरनी आमच्याच दहा फुटी रस्त्यावरून गेलं. डांबर निघालं, खालचं सोलिंग उघडं पडलं, आणि यंदा जुलैच्या पावसात पऱ्यावरची (ओढ्यावरची) मोरी एका बाजूने बसली. गॅसची गाडी आता मोरीच्या अलीकडेच थांबते. शेजारच्या काकी 72 वर्षांच्या, एकट्या राहतात. सिलिंडर घरापर्यंत आणायला त्यांना दर वेळी माणूस शोधावा लागतो. त्यांच्या दोन खोल्यांनाही 6,000 आणि सड्यावरच्या बंगल्यालाही 6,000, हे मला पटत नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाडीवाले एका बाजूला, प्लॉटवाले दुसऱ्या बाजूला, असे आम्ही तासभर भांडलो. "डंपर तुमच्यासाठी आले, तुम्हीच भरा," हे बोलणाऱ्यांत मीही होते. मग एका गृहस्थांनी पिशवीतून करारनामा काढला. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, फंडाच्या पैशांतून प्लॉट घेतलेले. प्लॉटच्या किमतीशिवाय 'अंतर्गत रस्ते, गटारे व पोहोच रस्ता' यासाठी विकासकाने 40,000 रुपये वेगळे घेतल्याचं त्यात लिहिलं होतं. इतरांनीही आपापल्या पावत्या आहेत म्हणून सांगितलं. सगळ्या 46 जणांकडून घेतले असतील तर ते 18 लाख 40 हजार होतात! सड्यावर आज पाहाल तर नुसती खडी पसरलेली आहे, गटार नाही, आणि पावसाचं सगळं पाणी लाल माती घेऊन आमच्या वाडीत उतरतं. विकासक सभेत नव्हता. त्याला बोलावलंच नव्हतं.

मी तेव्हा एकच विचारलं, ले-आउटमधला रस्ता 23 नंबरला लागला आहे का? 23 नंबर म्हणजे ग्रामपंचायतीचं रस्त्यांच्या नोंदीचं रजिस्टर. रस्त्याची नोंद त्यात नसेल तर ग्रामपंचायत त्यावर खर्च करू शकत नाही. उत्तर आलं, नाही, विकासकाने रस्ता अजून हस्तांतरित केलेला नाही. म्हणजे प्लॉटवाल्यांनी पैसे भरले तरी त्यांच्या दारातला रस्ता होणार नाही. वाडीचा रस्ता मात्र 23 नंबरला आहे. सार्वजनिक रस्त्यांची देखभाल ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे पंचायतीचंच काम, आणि आम्ही घरपट्टी कधी थकवलेली नाही.

पंचायतीला कर किंवा फी बसवताच येत नाही, असं माझं म्हणणं नाही. कलम 124 मध्ये तशी तरतूद आहे. पण त्यासाठी ठराव लागतो, जाहीर नोटीस लागते, हरकती ऐकाव्या लागतात. आमच्या हाती आलेल्या कागदावर ना ठरावाचा क्रमांक, ना कलम. सही तेवढी आहे. पैशांची अडचण मलाही कळते, लहान पंचायतीला मोरी बांधणं सोपं नाही. म्हणून प्लॉटवाल्यांच्या पावत्या एकत्र करून आधी विकासकाकडे हिशेब मागावा, त्याच्याकडून रस्ता आणि गटार पुरं करून घ्यावं, मगच हस्तांतरण घ्यावं. त्यानंतरही वर्गणी लागली तर घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे लावा. माझा वाटा मी पहिल्या दिवशी भरीन.

2 ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. त्या दिवशी 23 नंबरचं रजिस्टर आणि या आकारणीचा ठराव टेबलावर ठेवावा, विकासकाला लेखी बोलावणं पाठवावं, आणि तोवर ही वसुली थांबवावी, अशी माझी पंचायतीला आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे. मोरीचं काम मात्र पाऊस उघडताच सुरू करा, ते कोणाच्या पावतीसाठी अडवू नका.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. गुहागर, जि. रत्नागिरी