हेडफोनच्या कुशनचा हिशेब आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून मागवलेल्या मालावर कस्टम ड्यूटी किती लागेल, ते आधी कोणी सांगत नाही, त्याबद्दल हे पत्र. सोलापुरात अशोक चौकाजवळ माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पूर्वी टेपरेकॉर्डर आणि गणेश मंडळांचे अॅम्प्लिफायर यायचे. गेली पाच-सहा वर्षे पोरांचे गेमिंग हेडसेट येतात. दुखणी ठरलेली असतात. पिनेपाशी तुटलेली वायर, बिजागरीला गेलेला तडा, मुका झालेला माइक, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सोललेले कुशन, म्हणजे कानावर बसणारी गादी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेला की घामाने ते नकली चामडे सुटायला लागते. पोरगं हेडफोन काढतं तेव्हा कानावर काळे पापुद्रे चिकटलेले असतात, करपलेल्या भाकरीचे असावेत तसे.

वायर मी जोडून देतो, बिजागरीला पत्र्याची पट्टी मारतो. कुशन मात्र त्याच मापाचे लागते आणि ते गावात मिळत नाही. हेडसेट विकणारे सुटा भाग ठेवत नाहीत. विचारले तर "नवा घ्या की" एवढेच उत्तर. ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर'चे, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, पोर्टल सुरू केले, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सचाही समावेश आहे. मी त्यात हेडसेटच्या कुशनसाठी बराच शोध घेतला, काही हाती लागले नाही.

म्हणून गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला कुशनची जोडी आणि सुटी वायर परदेशातून मागवायला मदत केली. त्याच्याच नावावर, त्याच्याच आधार कार्डावर. माल 3,200 रुपयांचा, पार्सलचे 1,400. म्हणजे 4,600. "पाच हजारांत बसेल," असे मी छातीठोकपणे सांगून बसलो. बारा दिवसांनी कुरिअरचा निरोप आला: कस्टम ड्यूटी भरा. ती दोन हजारांना थोडी कमी, आणि वर कुरिअरचे स्वतःचे शुल्क, त्यावर जीएसटी, असे आठशे चाळीस. सगळे मिळून साडेसात हजारांच्या घरात. एवढ्यात नवी पेठेत बरा हेडसेट नवाकोरा येतो. शब्द दिलेला, म्हणून वरच्या भारातला अर्धा मी सोसला.

हा आकडा असा का फुगतो, ते मला नंतर कळले. ड्यूटी नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. मालात भाडे आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर मूळ शुल्क, मूळ शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे ज्या 1,400 रुपयांची कुशनमध्ये दोऱ्याइतकीही भर पडली नाही, त्यांच्यावरही कर, आणि करावर कर. कोणी म्हणते, अमेरिकेतल्या भावाला 'गिफ्ट' लिहून पाठवायला सांगा. ती वाट डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे सोडली तर भेट म्हणून आलेल्या पार्सललाही पूर्ण शुल्क पडते. उगाच खोटे लिहायला लावून कुणाला अडचणीत आणू नका.

ड्यूटी रद्द करा, असे मी म्हणणार नाही. सोलापुरात राहून ते म्हणायला तोंड पाहिजे. टॉवेल-चादरीचा धंदा स्वस्त परदेशी मालापुढे टिकावा म्हणून आपणच आयात कराची मागणी करतो. तक्रार एवढीच की आकडा आधी सांगा.

आणि तसा नियम आहे! 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात, पोहोचवण्याचा खर्च, हाताळणी आणि लागू कर यांच्या फोडीसह दाखवावी, असे आहे. भारतातल्या ग्राहकाला नियमित माल विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांनाही ते नियम लागू आहेत. तरी पैसे भरायच्या पानावर ड्यूटीची ओळ बारीक अक्षरांत, 'लागू असल्यास ग्राहकाने भरावी' एवढीच. किती, ते नाही. काही मोठी संकेतस्थळे ड्यूटीचा अंदाज आधीच कापून घेतात, म्हणजे हिशेब करता येतो. मग बाकीच्यांना काय झाले?

यातला दुसरा धोका मला जास्त वाटतो. 'तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या लिंकवर पैसे भरा' असा निरोप खऱ्या कुरिअरकडून येतो आणि चोरांकडूनही अगदी तसाच येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी असाच खोटा निरोप खरा मानला. त्यांनी काही मागवलेलेसुद्धा नव्हते. कस्टम खात्याच्या अधिकृत पत्रावर 8 नोव्हेंबर 2019 पासून डीआयएन नावाचा, म्हणजे त्या पत्राच्या ओळखीचा, क्रमांक असावा लागतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कुरिअरच्या मेसेजवर तो नसतो. म्हणून ग्राहकाने लिंक न उघडता कुरिअरच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पार्सल क्रमांक टाकावा, आणि बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे दाखल केलेल्या ड्यूटीच्या हिशेबाच्या कागदाची, प्रत मागावी. आमच्या गिऱ्हाइकाला ती तीनदा ईमेल केल्यावर मिळाली. फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, वेळ दवडू नये.

हे पत्र लिहायचे कारण यंदाच्या उन्हाळ्यातले आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या विणकराचा मुलगा हेडसेट घेऊन आला. 2025 च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता मिळाल्यापासून तो घरी ताठ मानेने खेळतो. त्याच्या मामाने दुबईहून आणलेला तो हेडसेट इथे विकलाच जात नाही. दोन्ही कुशन गेलेली. मला म्हणाला, "काहीपण करा, पण बंद कानाचाच राहू द्या. भिंतीपलीकडं माग चालू असतोय, गेममधल्या समोरच्याच्या पावलाचा आवाजच येत नाही." त्यात तथ्य आहे. बाहेरचा खटखटाट अडला तर आतला आवाज कमी ठेवता येतो, कान वाचतात. उघड्या कानाने मागाशी स्पर्धा करत आवाज वाढवला, तर त्याच्या आजोबांसारखे त्यालाही दोनदा हाक मारावी लागेल.

मागच्या वर्षीचा हिशेब मी त्याला कागदावर लिहून दाखवला. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि काही बोलला नाही. चार दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्या मावशीने टेरी टॉवेलच्या कातरणीतून दोन गोल खोळी शिवून दिल्या होत्या, आत जुन्या गादीचा स्पंज. घाम छान शोषतात. फक्त सुताच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे खर्जातला आवाज पातळ लागतो. आता मी आतून रेक्झिनची कड लावून पाहतो आहे.

आपला,
एक दुरुस्तीवाला,
अशोक चौक, सोलापूर