पूर्ण अल्बम ऐकताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हॉलमध्ये ॲम्प्लिफायर आणि स्पीकर लागलेच आहेत, तर त्यावर ऐकायला पाच अल्बम फोनमध्ये काढून ठेवले आहेत. एक रॉकचा, दोन फंकचे, दोन इलेक्ट्रॉनिक. बाबा, हे संगीत तुम्हाला गोंगाट वाटतं, त्यात तुमच्या कानांचा दोष नाही. फोनमधून खर्ज येत नाही आणि गणपतीच्या मांडवातून खर्जाशिवाय काही येत नाही. बासगिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला वाजते, फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ती वाजवताच येत नाही. ज्या संगीताचा सगळा डोलारा खर्जावर उभा आहे, त्याचा पायाच काढून घेतला तर वर फक्त खणखणाट उरणार.

‘सवाई’च्या मंडपात रात्र-रात्र बसलेल्या माणसांना ऐकायला शिकवण्याची गरज नाही. कान कुठे ठेवायचा एवढंच प्रत्येक प्रकारात बदलतं, आणि तेच या पत्रात लिहिते आहे.

आधी मांडणी. दोन स्पीकरमध्ये सहा फूट अंतर ठेवा आणि तुमची खुर्चीही दोन्हींपासून साधारण तेवढीच लांब. वरचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. मागची भिंत निदान एक फूट लांब असू दे. कोपऱ्यात सरकवलात तर खर्ज घुमतो आणि शब्द त्यात बुडतात. आपल्या हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती आहेत, आवाज आपटून परत येतो. स्पीकर आणि खुर्चीच्या मधे जाड सतरंजी टाका, खिडकीचे पडदे ओढा. स्पीकर थेट फरशीवर ठेवू नका. खालच्या मजल्यावर गाणं जात नाही, नुसता धपधप आवाज जातो, आणि तक्रार त्याचीच येते. खाली रबराचे तुकडे घातले की बराच फरक पडतो. पंखा एकवर.

फोनमध्ये शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) शून्य, ‘गॅपलेस’ (दोन गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू आणि ऑटोप्ले बंद. हे चार बघितल्याशिवाय सुरू करू नका. शफल चालू राहिलं तर अल्बम उलटासुलटा वाजतो, ऑटोप्ले चालू राहिलं तर अल्बम संपल्यावर भलतंच काही सुरू होतं. शोधताना ‘डीलक्स’ लिहिलेली आवृत्ती घेऊ नका, तिच्या शेवटी तालमी आणि मैफलींची ध्वनिमुद्रणं जोडलेली असतात. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवा.

पहिला अल्बम पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, 1973 सालचा, सुमारे 43 मिनिटांचा. सुरुवातीला हृदयाचे ठोके अगदी हळू येतात, आणि इथेच सगळे फसतात. काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात, मग साडेसात मिनिटांच्या आसपास एकदम डझनभर घड्याळांचे गजर वाजतात आणि माणूस दचकून उठतो. म्हणून ठोक्यांवरून आवाज ठरवू नका. पहिलं गाणं नीट सुरू होऊ द्या आणि शेजारच्या खुर्चीशी साध्या आवाजात बोलता येईल इतक्यावर बटण सोडून द्या. ती घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती.

मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका क्लेअर टोरी यांचा आवाज येतो. एकही शब्द नाही, फक्त स्वर. आई, तुला हा भाग सगळ्यात आधी भिडेल असं मला वाटतं, कारण नुसत्या ‘आ’कारावर किती सांगता येतं हे तुला वेगळं सांगायला नको. खालचा पियानो सोडून दे आणि त्यांचा आवाज कुठे फुटतो, कुठे त्या तो सावरून अगदी बारीक करतात, तेवढंच धर.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘मनी’, ते खास बाबांसाठी. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचा खणखणाट असे आवाज तालात येतात. हे सगळं 1973चं, स्टुडिओत संगणक येण्याच्या आधीचं. प्रत्येक आवाजाची टेप मोजपट्टीने सारख्या लांबीची कापली, सात तुकडे चिकटवून गोल केला आणि तो यंत्रावर फिरत ठेवला. टेपचा वेग ठरलेला असतो, म्हणून लांबी सारखी तर काळही सारखा. त्या सात आवाजांतून सात मात्रा येतात. बोटांवर मोजा. मात्रा रूपकाएवढ्याच, पण खंड रूपकासारखे तीन-दोन-दोन पडत नाहीत, तेव्हा हाताने रूपक धरायला जाऊ नका, चुकेल. सॅक्सोफोन याच सातांत वाजतो. तो संपून गिटार सुरू झाली की ताल चारांत येतो आणि गाणं एकदम धावायला लागतं. पुढे गायन परतलं की पुन्हा सात. ही दोन वळणं नेमकी पकडलीत की पुढे मला काही सांगायची गरज नाही.

आता फंक. रॉकमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा कडक ठोका असतो. जेम्स ब्राउन यांनी साठच्या दशकात वजन पहिल्या मात्रेवर आणलं. त्यांच्या वादकांच्या भाषेत ती ‘द वन’. म्हणजे समच, फक्त आपल्याकडे तीनतालात सोळा मात्रांनी येते ती इथे चार मात्रांनी येते. प्रत्येक वादक तिथे एकत्र भेटतो आणि मधल्या वेळात वाट्टेल तसा मोकळा असतो. म्हणून फंकमध्ये चाल शोधू नका. सम धरा आणि मधल्या मोकळ्या जागा ऐका. वादक कुठे थांबला, त्याने तार कुठे दाबून मुकी केली, मजा त्यात आहे.

हर्बी हॅनकॉक यांचा ‘हेड हंटर्स’ या कामासाठी उत्तम. हाही 1973चाच. चारच रचना, पैकी पहिली ‘कमिलियन’ पावणेसोळा मिनिटांची. ती सुरू होते सिंथेसायझरच्या खर्जाने. एक छोटा आकृतिबंध एकटाच फिरत राहतो. तो लेहरा समजा, तबल्याच्या एकलवादनाला पुन्हा पुन्हा वाजतो तसा. मग ड्रम येतो. मग गिटारसारखं काही टिकटिक वाजतं, ती खरं तर पॉल जॅक्सन यांनी वरच्या पट्टीत वाजवलेली बासच आहे. मग क्लॅव्हिनेट, तारांचं खटकेबाज कीबोर्ड. मुख्य धून सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा ऐकताना फक्त खालचा खर्ज धरून बसा आणि कोण कधी आत येतो ते मोजा. दुसऱ्यांदा ड्रम धरा. सगळं एकदम ऐकायला गेलात तर गर्दी वाटेल. मधल्या टप्प्यात खर्जाचा आकृतिबंध बदलतो, तिथे नवीन गाणं सुरू झालं असं वाटतं, पण रचना तीच आहे.

दुसरी रचना बाटलीत फुंकर मारून सुरू होते. तुम्हाला ‘शोले’तलं ‘मेहबूबा’ आठवेल, पंचमदांनीही तिथे बाटल्याच फुंकल्या होत्या. ‘हेड हंटर्स’ दोन वर्षं आधीचा.

स्टीव्ही वंडर यांच्या ‘इनरव्हिजन्स’मधली गाणी गोड आहेत, फार तयारी लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा की ‘हायर ग्राउंड’मधलं प्रत्येक वाद्य त्यांनी एकट्यानेच वाजवलं आहे, खर्जसुद्धा. तो ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरचा आहे.

इलेक्ट्रॉनिकची सुरुवात आपल्या माणसापासून करा. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवले आणि एचएमव्हीने त्याची रेकॉर्ड काढली, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तालाला टीआर-808, खर्जाला टीबी-303 आणि धुनेला ज्युपिटर-8. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोत त्याच 303वर ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार गाजला आणि जगभर पसरला. सिंग यांची रेकॉर्ड मात्र 2010 मध्ये पुन्हा निघेपर्यंत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. मला याचं फार वाईट वाटतं. 303मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, खर्ज मींड घेतल्यासारखा सरकतो तो त्यामुळे. यमन आणि मालकंस आधी लावा. राग लगेच ओळखाल. आलापी, बढत, लय वाढवणं यांची अपेक्षा मात्र ठेवू नका. ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीत आहे, आणि बदल शोधायचा तो स्वराच्या पोतात. तोच स्वर कधी बोथट, कधी धारदार होतो. यंत्रावर फिल्टरचं एक बटण असतं, ते उघडलं की वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे उपस्वर, बाहेर येतात, झाकलं की दबतात. इलेक्ट्रॉनिक संगीतातला निम्मा भाव या एका बटणात आहे.

ब्रायन ईनो यांचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (1978) दुपारी चहाच्या वेळी लावा, पंख्याच्या आवाजाइतका हळू. मोठ्याने लावलात तर कंटाळा येईल, तो तसा बनवलेलाच नाही. दुसऱ्या तुकड्यात मानवी आवाजाचा एकेक सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर आहे. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, एक जवळपास सव्वीस सेकंदांनी, एक तिसाव्याच्या अगदी तोंडावर. लांबी जुळत नाही, म्हणून त्यांची गाठ दर वेळी वेगळ्या जागी पडते आणि नवी सुरावट तयार होते. त्यात सम नाही. शोधू नका.

बाबा, तुमच्या टर्नटेबलसाठी यातलं काही मिळतं का ते जुना बाजार भरतो तेव्हा, रविवारी किंवा बुधवारी, बघा. घेताना रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. नुसते केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारी चर मात्र सुई उडवते. सुईचं वजन बहुतेक कार्ट्रिजना (सुई बसवलेला छोटा भाग) दीड ते दोन ग्रॅम लागतं, कार्ट्रिजच्या कागदावर असेल ते खरं. वजन कमी ठेवून रेकॉर्ड वाचते असं वाटतं, पण हलकी सुई चरीत नाचते आणि जास्त झीज करते. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं थोडं फाटल्यासारखं वाटलं तर यंत्र बिघडलं असं समजू नका. आत घेर लहान होतो, सुईखालून चर सावकाश सरकते आणि बारीक तपशील कमी उतरतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या या सुईवर मुळीच लावायच्या नाहीत, आणि त्यांना स्पिरिटही लावायचं नाही, लाख विरघळते.

आता कानांचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आई, तुझ्या श्रवणयंत्राला बासरीसारखा किंवा सिंथेसायझरचा लांब, स्थिर सूर म्हणजे स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला जातं. सूर थरथरतो तो म्हणून. श्रवणतज्ज्ञाकडे जाशील तेव्हा संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घे. त्यात शिट्टी दाबणं आणि गोंगाट कमी करणं ही दोन्ही कामं बंद किंवा अगदी कमी ठेवायला सांग. ऐकताना स्पीकर हळू ठेव आणि यंत्राचा आवाज वाढव, उलटं नको. स्पीकर मोठा असला तर यंत्राच्या माइकमध्येच आवाज फाटतो, आणि मग पुढे काही करून तो सुधारत नाही.

बाबा, तुमचा उजवा कान कमी आहे, तर हेडफोन लावताना फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नाहीतर उजवीकडची वाद्यं तुमच्यापुरती गायबच होतील. स्पीकरवर ऐकताना त्याची गरज नाही. झांजा बोथट वाटल्या तर सगळा आवाज वाढवू नका, ट्रेबल दोन घरं वर घ्या. वयोमानाने आधी वरचेच सूर जातात.

एका दिवशी एकच अल्बम. ‘मनी’ची सात-चार-सातची वळणं सापडली की मला फोन करा. ‘कमिलियन’मध्ये नेमकं काय ऐकायचं ते आपण फोन चालू ठेवून बरोबर ऐकू.

तुमची,
लेक