केमोच्या गोळ्या: चिठ्ठीत तारखाही लिहा

माननीय संपादक,

कर्करोगाचे बरेचसे उपचार आता दाखल न होता, बाह्यरुग्ण विभागातूनच होतात. सलाईनमधली केमो रुग्णालयात दिली जाते, गोळ्या मात्र अनेकदा बाहेरच्या मेडिकलमधून घेतल्या जातात. तिथल्या फार्मासिस्टला चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि डोस एवढेच दिसते. ही औषधे सांभाळून द्यायला तेवढे पुरत नाही.

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीचेच पाहा. प्रचलित पद्धतीत ते १४ दिवस घ्यायचे आणि ७ दिवस बंद ठेवायचे असते. उंची-वजनावरून काढलेले शरीराचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर असेल, तर चौरस मीटरला १,२५० मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळचा डोस २,००० मिलिग्रॅम. म्हणजे ५०० च्या ४ गोळ्या सकाळी आणि ४ रात्री, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत. १४ दिवसांच्या ११२ झाल्या. दहाच्या बारा पट्ट्या दिल्या की ८ उरतात, नेमका एका दिवसाचा डोस! औषध वाया जायला नको म्हणून रुग्ण पंधराव्या दिवशी त्या घेऊन मोकळा होतो. चिठ्ठीवर पहिल्या आणि शेवटच्या गोळीची तारीख असेल, तर दुकानातच ८ गोळ्या कापून बाजूला ठेवता येतात.

तारखांसोबत उपचारपद्धतीचे नाव, उपचाराची कितवी सायकल (फेरी), उंची-वजन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही कळवावे. त्यावरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३० ते ५० मिली असेल तर कॅपेसिटाबिनचा सुरुवातीचा डोस पाऊणपट करतात, ३० च्या खाली ते देतच नाहीत. आकडाच समोर नसेल तर फार्मासिस्ट शंका तरी कशी घेणार?

उलट बाजूने, दुसऱ्या डॉक्टरांची कोणती औषधे चालू आहेत हे बहुतेक वेळा मेडिकलवाल्यालाच आधी कळते. कॅपेसिटाबिनबरोबर रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढून रक्तस्राव होऊ शकतो. एर्लोटिनिब ही कर्करोगाची गोळी घेणाऱ्याने अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल सुरू केले की एर्लोटिनिब पुरेसे शोषले जात नाही. स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनसोबत नैराश्यावरचे पॅरॉक्सेटिन आले की टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणारा प्रभावी घटक कमी पडतो. अशी जोडी दिसताच रुग्णालयाच्या फार्मसीला कळवावे, मात्र रुग्णाला परस्पर औषध बंद करायला सांगू नये.

आमच्या मते सगळ्यात मोलाचा आहे तो सातव्या ते दहाव्या दिवशी रुग्णाला केलेला फोन. ‘बरं आहे ना?’ एवढे विचारून भागत नाही, कारण उत्तर ‘हो’ असेच येते. नेहमीपेक्षा किती वेळा जास्त जुलाब झाले, रात्री उठावे लागते का, तळहात-तळपाय दुखतात का, गोळ्या किती उरल्या, हे विचारावे. जुलाब नेहमीपेक्षा दिवसाला ४ वेळा जास्त झाले किंवा रात्रीही होऊ लागले, तर कॅपेसिटाबिन थांबवावे लागते. तो निर्णय त्याच दिवशी डॉक्टरांकडून घ्यावा. ताप ३८ अंशांवर गेला तर तातडीने रुग्णालय गाठायला सांगावे. तापमान न मोजता पॅरासिटामॉल दिले तर ताप दबतो आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना झालेला संसर्ग उशिरा लक्षात येतो. हातापायांची नुसती लाली, चुकलेली एखादी गोळी अशा नोंदी रुग्णाच्या संमतीने, पुढच्या तपासणीच्या आधी लेखी पाठवल्या तरी चालतात.

यासाठी रुग्णालयाने केमोच्या चिठ्ठीवर आपल्या फार्मसीचा थेट क्रमांक छापावा, आणि सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा तेही.

– दोन फार्मासिस्ट, एक रुग्णालयातील, एक औषध दुकानातील