लेकराच्या पोटगीची थकबाकी वसूल कोणी करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, निराधार योजनेत खोटे लाभार्थी घुसलेत, आमच्या टॅक्सचे पैसे सरकार वाटत सुटलंय, असं. खोटे असतील तर काढा, माझं काहीच म्हणणं नाही. पण ते पत्र वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही, कारण त्याच योजनेसाठी तहसीलला चकरा मारलेली बाई मी पण आहे. आणि मला त्या दादांना एकच विचारायचंय, की ज्या लेकराच्या पोटासाठी सरकार हे पैसे देतं त्या लेकराचा बाप जिवंत आहे, धडधाकट आहे, चांगला कमावतोय, मग त्याच्याकडे हे पैसे कधी कोणी मागितले का?

मी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल पिको, शाळेचे गणवेश. मुलगी दहावीला आहे. ती पाच वर्षांची असताना नवऱ्याने आम्हाला माहेरी आणून सोडलं, नंतर भावकीतली चार माणसं बसली आणि १०० रुपयाच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेतली, त्यात एक ओळ होती की मुलगी आईकडे राहील आणि तिच्या खर्चाबाबत कसलीही मागणी केली जाणार नाही. मी सही केली. सव्वीस वर्षांची होते, वडील शेजारी मान खाली घालून बसलेले, काय बोलणार. पुढे दीड वर्ष मी तो कागद खरा धरून बसले. नंतर मोफत वकील मिळते असं कळलं म्हणून कोर्टात गेले (बाईला आणि मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, त्यात बाईचं उत्पन्न पण बघत नाहीत, हे अजून कितीतरी जणींना माहीत नाहीये) तर त्या वकील ताईंनी तो स्टॅम्प वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, अगं पोरीचा हक्क पोरीचा आहे, तो तुला सोडून देताच येत नाही. हे वाक्य मी आजपर्यंत दहा बारा जणींना तरी सांगितलं असेल.

केस घातली २०१७ ला. तेव्हा पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते १४४ झालं, आतला मजकूर बराचसा तोच. अंतरिम पोटगीचा (म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा) अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसात निकाली काढावा असं कायद्यात लिहिलंय, माझा सव्वा वर्षाने निघाला. २०१९ ला मुलीसाठी महिना ४००० रुपयाची ऑर्डर झाली. त्या दिवशी मी पेढे आणले होते.

मला वाटलं होतं ऑर्डर म्हणजे पैसे. तसं नसतं. ऑर्डर झाल्यावर त्याने पैसे दिले नाहीत तर ते आपोआप कोणी वसूल करत नाही, परत आईनेच वसुलीचा अर्ज करायचा, वॉरंटसाठी तो पैसे थकल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा, नाहीतर ते जुने महिने त्या वॉरंटमध्ये येत नाहीत. म्हणजे दरवर्षी नवीन अर्ज, नवीन नोटीस. मी एक दोनशे पानी वही केलीय, प्रत्येक महिन्याला एक ओळ. जानेवारी नाही. फेब्रुवारी नाही. मार्च २०००, आणि पुढे कंसात "वॉरंट निघालं म्हणून". एप्रिल नाही. अशी पानंच्या पानं. कोर्टात प्रत्येक तारखेला ती वही पिशवीत असते. त्या दिवशी दुकान बंद, म्हणजे तीन चारशे रुपये गेले, वर एसटीचं भाडं.

आणि वॉरंटचं काय होतं ते सांगते. पोलिसांचा रिपोर्ट येतो, "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही". असे तीन रिपोर्ट माझ्याकडे आहेत, तिन्हीत शब्द न शब्द तोच. तिसरा आला त्याच आठवड्यात माझ्या मुलीने तिच्या आत्याचं स्टेटस बघितलं. नवीन पिकअप गाडी, बोनेटवर झेंडूचा हार, आणि तिचा बाप गाडीपुढे नारळ फोडतोय. मागे घर दिसत होतं, तेच, ज्या पत्त्यावर तो मिळून आला नव्हता. पोरगी काही बोलली नाही, फोन पालथा ठेवला, वहीला कव्हर घालत होती ते घालत राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, आई, गाडीचा हप्ता किती असतो गं?

मी त्या प्रश्नाचा फार विचार केलाय. हप्ता तो भरतो, तारखेला भरतो, कारण गाडीच्या आरसी बुकावर फायनान्स कंपनीचं नाव आहे आणि दोन तीन हप्ते चुकले की माणसं येऊन गाडी ओढून नेतात. मग माझ्या लेकीचं नाव त्या आरसीवर का नाही? तिचा हप्ता आधीचा आहे, कोर्टाच्या शिक्क्याचा आहे. सोसायटीचं कर्ज थकलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो, इतर हक्कात नोंद येते, मग ती जमीन विकायला जाऊ दे नाहीतर नवीन कर्ज काढायला, आधी बोजा उतरवून ये म्हणतात. पोटच्या पोरीच्या थकबाकीचा बोजा मात्र सगळा तिच्या आईच्या डोक्यावर.

आता तहसीलचं. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, अपंग, अनाथ यांच्यासोबत आमच्यासारख्या पण बसतात. नियमातच लिहिलंय की घटस्फोट झालेल्या किंवा प्रक्रियेत असलेल्या ज्या बाईला पोटगी मिळत नाही, किंवा उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा कमी मिळते, ती पात्र. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, मदत महिना १५००. मी कागद घेऊन गेले तर टेबलावरचे साहेब म्हणाले, बाई तुमची ऑर्डर महिना ४००० ची आहे म्हणजे वर्षाचे ४८,००० झाले, तुम्ही बसत नाही. मी म्हटलं साहेब ऑर्डर आहे, पैसे नाहीत, आणि वही पुढे केली. वही चालत नाही म्हणाले, पोटगी मिळत नसल्याचा दाखला आणा. तो दाखला कोण देतं हे तिथे कोणालाच सांगता येईना. शेवटी वसुली अर्जाची आणि त्या "मिळून आला नाही"ची नक्कल जोडून आठ महिन्यांनी काम झालं. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचे महिना २२५० पण मंजूर झाले, त्याबद्दल मी सरकारची खरंच ऋणी आहे, त्या पैशातून तिची नववीची क्लासची फी गेली.

पण संपादक साहेब, मला जे सांगायचंय ते इथेच आहे. सरकारच्या फाईलमध्ये स्वच्छ नोंद आहे की या बाईला पोटगी मिळत नाही. म्हणजे सरकारला माहीत आहे की कोणीतरी ती देणं लागतो. त्याचं नाव, गाव, कोर्टाची ऑर्डर, सगळं त्याच फाईलला जोडलेलं आहे. आणि तरी त्याला साधं एक पत्र जात नाही, की बाबा तुझ्या मुलीला आम्ही पैसे देतोय, ते तू भर. त्याने द्यायचे ते तुम्ही आम्ही सगळ्यांनी मिळून द्यायचे आणि त्याचं देणं गपचूप विसरून जायचं. ज्या दादांनी टॅक्सच्या पैशाबद्दल पत्र लिहिलं त्यांचा राग मला कळतो, फक्त तो चुकीच्या माणसावर निघतोय.

माझी मावसबहीण जर्मनीत असते. तिच्याकडून कळलं की तिकडे बापाने पैसे दिले नाहीत तर मुलांचं सरकारी कार्यालय दर महिन्याला ठरलेली रक्कम आईला आगाऊ देतं आणि मग स्वतः बापाच्या मागे लागतं. आधी मूल १२ वर्षांचं होईपर्यंतच आणि जास्तीत जास्त ७२ महिने मिळायचं, २०१७ पासून ते १८ वर्षांपर्यंत वाढवलं. सगळे पैसे वसूल होत नाहीत, सरकारला त्यात तोटा आहे, पण भांडण सरकार आणि बाप यांच्यात राहतं, पोरीच्या ताटापर्यंत येत नाही. अमेरिकेत पण १९७५ पासून केंद्राचा कायदा आहे, राज्याराज्यात वसुलीची सरकारी खाती आहेत, पगारातून परस्पर कापून घेतात, २५०० डॉलरच्या वर थकबाकी गेली की पासपोर्ट देत नाहीत. पण त्यांचं एक मला अजिबात पटत नाही. तिथे आईने सरकारी मदत घेतली की पोटगीचा हक्क सरकारच्या नावे करून द्यावा लागतो, मग बापाकडून आलेल्या पैशातून सरकार आधी आपली मदत फेडून घेतं, काही राज्यं थोडेफार पोरापर्यंत जाऊ देतात, काही तेही नाही. आणि ज्याच्याकडे खरंच काही नाही अशा बापाच्या डोक्यावर आकडा वाढतच जातो, जेलमध्ये गेला की काम सुटतं, काम सुटलं की आकडा अजून वाढतो. तसलं आपल्याकडे नको. वसूल झालेला पहिला रुपया लेकराच्या खात्यात गेला पाहिजे, सरकारचं नंतर.

कोणी म्हणेल आपल्याकडे हे कसं जमायचं. अहो, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी जमवलंच ना. २००७ च्या कायद्याने मुलगा सांभाळत नसेल तर आईवडील प्रांत साहेबांकडे साधा अर्ज करू शकतात, ९० दिवसात निकाल द्यायचा असतो. चांगला कायदा आहे. मग मुलाने आईबापाला पोसावं म्हणून प्रांत आहेत आणि बापाने मुलीला पोसावं म्हणून मात्र आईने दरवर्षी कोर्टात वही घेऊन उभं राहायचं, हे कसं? पोटगीची थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी तहसीलदारांनी वसूल करावी, सातबाऱ्यावर आणि गाडीच्या आरसीवर नोंद टाकावी, आईला मिळालेली सरकारी मदत त्यातूनच नंतर फेडून घ्यावी. तहसीलदार एका टेबलावर निराधारचं अनुदान देतात आणि दुसऱ्या टेबलावर बोजा चढवतात, दोन टेबलांमध्ये दहा पावलांचं अंतर आहे, मी मोजलंय.

कायदा नाही असं तर अजिबात नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात आईबाप दोघांवर मुलांची जबाबदारी आहे, मूल लग्नाचं असो की लग्नाबाहेरचं, आणि मुलगी लग्नाची नसेल आणि स्वतःचं भागवू शकत नसेल तर अठराच्या पुढेही. आई पण आलीच त्यात, आणि मी माझा वाटा रोज मशीनवर बसून देतेय. पगारदार असेल तर पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त होऊ शकतो. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि जेल भोगली म्हणून देणं फिटत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच सांगितलंय. ४ नोव्हेंबर २०२० चा तो रजनेश विरुद्ध नेहा निकाल तर आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेलेल्या केसमधला, त्यात दोघांनी उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं ठरलं. माझ्या वाढीव पोटगीच्या अर्जात त्याने पण शपथपत्र दिलंय. त्यात लिहिलंय, मोलमजुरी करतो, महिना ६०००, स्वतःच्या नावे काहीही नाही. खरंय, जमीन आईच्या नावे केली, गाडी भावाच्या. हे शपथपत्र कोण तपासणार? मी? मला तर आरसी बघायला पण कोणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. तलाठी, आरटीओ, बँक सगळं सरकारच्या हाताखाली आहे, ते एका दिवसात तपासतील.

लोक म्हणतात, बायका खोट्या केसेस करतात, पैशासाठी करतात. नवरा बायकोचं भांडण ज्याला जसं दिसायचं तसं दिसू दे, माझ्यासाठी मी एक रुपया मागितला नाही, मुलीची पोटगी वेगळी असते हो. आणि मुलगी भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही असं तो कोर्टात म्हणाला होता. भेट आणि जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भेटीसाठी अर्ज कर, मी स्वतः तिला घेऊन येते, असं मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. आजपर्यंत तो अर्ज आलेला नाही.

संगमनेरला १९८८ मध्ये टाकलेल्या बायकांची परिषद भरली होती, त्यानंतर परित्यक्ता हा शब्द सरकारी कागदात जागोजागी आला. तेव्हा मी जन्मले पण नव्हते. आता माझी पोरगी दहावीला आहे आणि फॉर्मवर "परित्यक्ता" या शब्दापुढे टिक आम्ही करतो, टाकून देणाऱ्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नाही. तो एक रकाना वाढवा, बापाचं नाव, ऑर्डरचा नंबर, थकबाकी किती, आणि तो फॉर्म वसुलीच्या टेबलावर पाठवा, एवढं आपल्या आमदार खासदारांपर्यंत आपण पोचवावं म्हणून हे पत्र लिहिलं. लांबलं, माफ करा, काटछाट करून छापलं तरी चालेल पण तहसीलचा भाग ठेवा.

या महिनाअखेरीला मागच्या वर्षीच्या पहिल्या थकलेल्या महिन्याला वर्ष पूर्ण होतंय, त्यामुळे सोमवारी दुकान बंद ठेवून मला परत वसुलीचा अर्ज टाकायला जायचंय. वहीच्या झेरॉक्स पोरीने काल काढून आणल्या.

आपली एक वाचक,
पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून
(कृपया नाव छापू नये, मुलीची शाळा आहे)