माती वाहून जाते, तिकडेही पाहा

महोदय,

पाणीटंचाईवर आपण वर्षभर बोलतो. माती मात्र ५ डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनापुरतीच आठवते. पहिल्या जोरदार सरीनंतर ओढा गढूळ होतो, तेव्हा रानाचा वरचा सुपीक थरच वाहून चाललेला असतो. तो सेंटिमीटरभर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात! उताराला आडवी नांगरट, बांधावर गवत, पाचट न जाळता रानातच कुजवणे, एवढ्यानेही पाणी थबकते, मुरते. (सतत जाळल्या जाणाऱ्या रानातले ढेकूळ फोडून पाहा, गांडूळ क्वचितच दिसेल.) जमिनीचा ऱ्हास थांबवणेही ज्यांत येते, त्या संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदत २०३०पर्यंतच आहे. प्रत्येक धरणाच्या खर्चातच पाणलोटातील मृदसंधारणाची तरतूद बंधनकारक करावी, नाहीतर जलाशयात पाण्याऐवजी गाळच साठेल.

– एक वाचक