विषय: स्कूटरचा मूळ दोष न शोधता दोनदा बिल लावल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

ऑगस्ट २०२३ मध्ये मी तुमच्या कंपनीची ११० सीसीची स्कूटर घेतली. मी वाईला राहते आणि नोकरीसाठी रोज पसरणी घाट चढून पाचगणीला जाते. परत येताना बहुतेक वेळा मुलगी मागे बसलेली असते. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे आणि एकही सर्व्हिसिंग मी चुकवलेलं नाही.

यंदा जूनमध्ये गाडी सुटताना थरथरायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. एकदा भर पावसात घाटातल्या वळणावर एसटीमागे थांबावं लागलं. पुन्हा निघताना गाडी उचलेना आणि उतारावर मागे सरकायला लागली. मागे ट्रक होता. दोन्ही ब्रेक दाबून, पाय टेकवून कशीबशी उभी राहिले. त्या दिवशी मुलगी सोबत नव्हती, एवढंच नशीब.

तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला हे सगळं मी सविस्तर सांगितलं. जॉब कार्डवर फक्त 'पिकअप प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं गेलं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली, प्लग बदलला, ९४० रुपये घेतले. चार दिवसांत थरथर परत आली. दुसऱ्या खेपेला बेल्ट आणि रोलर बदलले, २,१८० रुपये घेतले. गाडी तेव्हा १९,६०० किलोमीटर चालली होती आणि तुमच्याच पुस्तिकेत बेल्ट २४,००० ला बदलायला सांगितलं आहे. लवकर का बदलला, जुन्याची रुंदी मोजली का, याचं उत्तर मिळालं नाही. आठवड्याभरात तोच त्रास पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या वेळी तर कव्हर न उघडताच 'पूर्ण क्लच असेंब्ली गेली' म्हणून ४,६०० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं.

मग मी वाईतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी गाडी मेन स्टँडवर लावून रेस दिली, इंजिन कुठेही अडखळलं नाही. मग स्वतः चालवून पाहिली. दहा ते वीसच्या वेगात थरथर, त्यापुढे गाडी सुरळीत. ते म्हणाले, "ताई, पेट्रोलचा काही संबंध नाही. क्लच शू, म्हणजे इंजिनचा जोर चाकाकडे नेणारे क्लचचे पॅड, भोवतालच्या ड्रमला पकडताना घसरतायत." पुढे त्यांनी गिअर ऑइल मापात काढलं. पुस्तिकेप्रमाणे १२० मिली हवं होतं, निघालं ७० च्या आसपास. बाहेर तर कुठे एक थेंब गळालेला दिसत नव्हता.

कव्हर उघडल्यावर मलाही कळलं. क्लच ड्रम आतून ओला होता. शूची झीज होऊन पडलेली भुकटी तेलात मिसळून तिचा काळा चिखल झाला होता, आणि शू काचेसारखे चकाकत होते. मागच्या पुलीच्या पाठीमागे, गिअर बॉक्समधून शाफ्ट बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं ऑइल सील गळत होतं. गिअर बॉक्सची ब्रीदर नळी सुकलेल्या चिखलाने बुजली होती. गरम झाल्यावर आतला दाब निघायला वाट नाही, म्हणून तेल सीलवाटे बाहेर पडत होतं. काकांनी नळी मोकळी केली, सील बदललं, ड्रम धुतला, पॉलिश पेपरने क्लच शू घासले, नवं ऑइल भरलं. सगळे मिळून ६५० रुपये झाले. गेले तीन आठवडे मी रोज घाट चढते आहे, थरथर पूर्ण थांबली आहे.

आता मुख्य मुद्दा. सेंटरने काढलेला जुना बेल्ट मी मागून घेतला होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. परवा सोडला तर तेल तीन पानांपर्यंत झिरपलेलं होतं. बेल्टच्या कडेवरून बोट फिरवलं की आजही काळं लागतं. म्हणजे ज्या माणसाने तो बेल्ट काढला, त्याच्या हाताला हे तेल लागलंच असणार. बेल्ट आणि क्लच असतात त्या कव्हरखाली तेलाचं काही काम नसतं, हे त्याला माहीत असायलाच हवं. तेल कुठून आलं हे न बघता त्याने त्याच ओल्या जागी नवा बेल्ट चढवला. तोही आता तेल प्यायला आहे आणि किती टिकेल याची खात्री काका देत नाहीत.

सीलचे पैसे वॉरंटीत मागितले तर 'गाडी बाहेर उघडली, वॉरंटी संपली' असं तोंडी सांगण्यात आलं. हे मला मान्य नाही. दोन वेळा गाडी तुमच्याच ताब्यात होती. तेव्हा दोष शोधला असता तर मला बाहेर जावंच लागलं नसतं.

माझ्या मागण्या अशा: दोन्ही बिलांचे मिळून ३,१२० रुपये आणि सीलच्या दुरुस्तीचे ६५० रुपये परत मिळावेत, तेलात भिजलेला बेल्ट विनामूल्य बदलून मिळावा, आणि वॉरंटी कायम असल्याचं लेखी द्यावं. शिवाय क्लच-बेल्टची तक्रार असेल तेव्हा कव्हर ग्राहकासमोर उघडूनच एस्टिमेट द्यावं, अशी सूचना त्या सेंटरला द्यावी. घाटात गाडी चालवणारी मी एकटी नाही.

दोन्ही बिलं, एस्टिमेट, ड्रम आणि सीलचे फोटो सोबत जोडले आहेत. बेल्ट माझ्याकडे आहे, तुमच्या माणसाने येऊन पाहावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
वाई, जि. सातारा